खतावणीतून दिसणारा न्यास : कौटुंबिक न्यासांच्या देणग्यांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात सार्वजनिक न्यासाच्या नोंदणीविषयी लिहिले होते. त्यावर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी नोंदणीविषयीची पत्रे थोडी आहेत. न्यास घरचा आहे, पैसा मर्यादित आहे आणि मागणारे पुष्कळ आहेत, तेव्हा द्यावे कुणाला आणि कसे, हाच बहुतेकांचा प्रश्न आहे. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या पत्रांतील बऱ्याच शंकांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : आमचे मूळ गाव विट्याजवळ आहे. माझे आजेसासरे आणि त्यांचे भाऊ गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायासाठी दक्षिणेत गेले आणि तिकडे जम बसल्यावर १९९४ मध्ये त्यांनी गावाकडे एक सार्वजनिक न्यास नोंदवला. आज न्यासाच्या १ कोटी ४० लाखांच्या मुदत ठेवी आहेत आणि वर्षाला सुमारे ९ लाख ८० हजार रुपये व्याज मिळते. दर मार्चमध्ये बैठक होते, आलेले अर्ज वाचले जातात आणि साठ-पासष्ट जणांना पाच ते पंचवीस हजारांपर्यंत मदत दिली जाते. दारात आलेला रिकाम्या हाताने जाऊ नये ही आबांची, म्हणजे आजेसासऱ्यांची, रीत होती, असे तात्या, म्हणजे माझे चुलत सासरे, सांगतात. तीस वर्षांत न्यासाने काय उभे केले ते दाखवता येत नाही, असे माझ्या दिरांचे म्हणणे आहे. मी गेल्या वर्षीच विश्वस्त झाले. दहा वर्षांच्या देणग्यांची यादी सोबत पाठवत आहे. आम्ही धोरण कसे ठरवावे? – एक विश्वस्त, विटा

उत्तर : यादी पाठवलीत हे फार बरे केलेत. बहुतेक पत्रांसोबत विश्वस्तलेखाची प्रत येते आणि तिच्यात शिक्षण, वैद्यकीय मदत, दारिद्र्यनिवारण आणि सार्वजनिक हिताचे अन्य कोणतेही काम असे सर्व उद्देश एकाच वाक्यात लिहिलेले असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० यातील धर्मादाय प्रयोजनांची व्याख्याच बहुधा उतरवून घेतलेली असते, त्यामुळे त्या लेखावरून एक न्यास दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही. न्यासाचे खरे धोरण दहा वर्षांच्या खतावणीत असते. ते कुणी ठरवलेले नसले तरी असतेच, आणि नवे धोरण लिहिण्याआधी हे न लिहिलेले धोरण वाचून घ्यावे लागते.

आपल्या यादीत ६१४ नोंदी आहेत आणि त्यांची बेरीज ७८ लाख ४० हजार होते, म्हणजे एका नोंदीला सरासरी पावणेतेरा हजार रुपये. या सरासरीपेक्षा रकमांचा साचा अधिक बोलका आहे. ५ हजार, ११ हजार, २१ हजार आणि २५ हजार हेच आकडे पुन्हा पुन्हा येतात. पॉलिटेक्निकचा विद्यार्थी असो, शस्त्रक्रियेचा रुग्ण असो की शाळेची कमान असो, बहुतेकांच्या वाट्याला ११ हजार आले आहेत. रक्कम गरजेवरून ठरलेली नाही. लग्नातल्या आहेराप्रमाणे, कुणाला कमी-जास्त वाटू नये या हिशेबाने ती ठरलेली आहे. यात वाईट हेतू मुळीच नाही. पण ज्याची वर्षाची खानावळच पंचवीस-तीस हजारांची आहे त्याला ११ हजारांत अर्धे वर्षही काढता येत नाही.

दुसरी गोष्ट महिन्यांची. निम्म्याहून अधिक देणग्या मार्चमधल्या आहेत. याचे कारण उघड आहे. उत्पन्नाचे किमान ८५ टक्के त्या आर्थिक वर्षात उद्देशांवर खर्च झाले पाहिजेत, या आयकरातील अटीची आठवण आपल्या सनदी लेखापालांना फेब्रुवारीत होते आणि विश्वस्तांना मार्चमध्ये. पण विद्यार्थ्याची निकड जूनमध्ये असते. दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेश सुरू झाले की फी, खोलीची अनामत आणि खानावळीचा आगाऊ हप्ता एकदम अंगावर येतो. तेव्हा सावकाराकडून किंवा सोने गहाण ठेवून पैसे उभे केले जातात आणि नऊ महिन्यांनी न्यासाचा धनादेश पोचतो. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शाळेतून बाहेर पडतात. त्यांच्यासाठी मार्चमधली मदत म्हणजे हंगाम संपताना दिलेली मदत. वास्तविक मुदत ठेवींचे व्याज किती येणार हे एप्रिलमध्येच कागदावर मांडता येते, कारण ठेवींचे दर ठरलेले असतात. मग वर्षाचे अंदाजपत्रक एप्रिलमध्ये मंजूर करून मुख्य बैठक मे महिन्यात घेण्यात कोणती अडचण आहे? बाहेरगावचे विश्वस्तही यात्रेला आणि लग्नसराईला त्याच सुमारास गावी येतात. काही कारणाने एखाद्या वर्षी ८५ टक्के खर्च झाले नाहीत तरी विहित नमुना मुदतीत भरून ती रक्कम पुढील वर्षी खर्च करण्याचा किंवा विशिष्ट प्रयोजनासाठी पाच वर्षांपर्यंत राखून ठेवण्याचा पर्याय असतो, तेव्हा मार्चअखेरीच्या भीतीपोटी धनादेश फाडण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट भूगोलाची आणि ओळखीची. विटा आणि भोवतालची गावे यादीत दाट आहेत, तर आटपाडी आणि जत अगदी विरळ. शिफारशीच्या रकान्यात कोणत्या तरी विश्वस्ताचे नाव नाही अशा नोंदी शोधाव्या लागतात. घरच्या न्यासात पैसा ओळखीच्या वाटेने जातो, आणि त्यात एक गुणही आहे, कारण माणूस माहितीचा असल्याने फसवणूक कमी होते. मात्र ज्याची कुणाशी ओळख नाही तो अर्जच करत नाही आणि विश्वस्तांना वाटते की तिकडे गरजच नाही. यावर माझा साधा उपाय असा की निदान दोन जागा ओळखीबाहेर ठेवाव्यात आणि त्या दुष्काळी पट्ट्यातील एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांना किंवा आरोग्य केंद्रातील परिचारिकेला नावे सुचवायला सांगून भराव्यात.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. यादीत विद्यार्थी पुष्कळ आहेत, पण तेच नाव पुढच्या वर्षी पुन्हा आलेले क्वचित दिसते. म्हणजे न्यासाने तीन वर्षांच्या पदविकेतील एकच वर्ष उचलले आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याला संधी द्यावी म्हणून पहिल्याला सोडून दिले. तात्यांच्या दृष्टीने हा न्याय आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती अर्धवट मदत आहे. आपले दीर ज्याला ‘उभे केलेले काम’ म्हणतात ते न दिसण्याचे कारण रकमेचा लहानपणा नाही, हे तुटणे आहे. वर्षाला आठ नवे विद्यार्थी घ्या, प्रत्येकाला वर्षाला २० हजार द्या आणि अभ्यासक्रम संपेपर्यंत द्या. पहिल्या वर्षी १ लाख ६० हजार लागतील, दुसऱ्या वर्षी ३ लाख २० हजार आणि तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी ४ लाख ८० हजार. त्यापुढे हा आकडा वाढत नाही, कारण आठ जण बाहेर पडतात आणि आठ आत येतात. दहा वर्षांनी शिकून बाहेर पडलेल्या साठ-पासष्ट मुलामुलींची नावे सांगता येतील.

हे पैसे कशाला द्यावेत, याकडेही नव्याने पाहावे लागेल, कारण दरम्यान सरकारी योजना बदलल्या आहेत. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांची अर्धी फी परत मिळते. व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासनाने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केले आहे. अशा मुलीची फी न्यासाने भरणे म्हणजे शासनाने सोडलेला पैसा आपण भरणे होय. तिला खरोखर कमी पडते ते सांगली, कऱ्हाड किंवा पुण्यातील खोलीचे भाडे, खानावळ, पुस्तके आणि ‘महाडीबीटी’ या शासकीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील रक्कम जमा होईपर्यंतचे मधले महिने. रुग्णांचेही तसेच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत, तर दुर्बल घटकांसाठी आणखी १० टक्के खाटा सवलतीत ठेवाव्या लागतात. अर्ज आला की आधी या दोन्ही दारांवर रुग्णाला पाठवावे, शक्य तर सोबत माणूस द्यावा, आणि न्यासाचे पैसे योजनेत न बसणाऱ्या तपासण्या, औषधे, सोबतच्या नातलगाचे राहणे-जेवण आणि मिरजेपर्यंतचा प्रवास यांसाठी ठेवावेत. पाच हजारांची ही मदत पंचवीस हजारांच्या बिलातील वाट्यापेक्षा कितीदा तरी उपयोगी पडते.

आता संस्थांना दिलेल्या देणग्या. यादीत कमानी, सभामंडप, पाण्याच्या टाक्या आणि संगणक आहेत. शिक्षकाचे मानधन, वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीचा पगार किंवा लेखापरीक्षणाचे शुल्क एकदाही नाही. ज्यावर नाव रंगवता येते त्याला देणगीदार सहज मिळतो. रयत शिक्षण संस्थेच्या आरंभीच्या दिवसांत बोर्डिंगातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले. बोर्डिंग चालवणाऱ्याला अडतो तो रोजचा शिधा, हे साताऱ्याकडच्या लोकांना निराळे सांगायला नको, तरी नामफलकांची हौस तिकडेही कमी नाही. माझी सूचना अशी की वर्षाला चाळीस संस्थांऐवजी चार संस्था निवडाव्यात, प्रत्येकीला साधारण ९० हजार ते १ लाख तीन वर्षे देण्याचे लेखी कळवावे आणि ती रक्कम पगारावर खर्च झाली तरी हरकत घेऊ नये. त्या बदल्यात वर्षातून एकदा विश्वस्ताने प्रत्यक्ष जाऊन यावे आणि लेखापरीक्षित हिशेबांसह एक पानाचे पत्र मागावे. लाखभर रुपयांसाठी वीस पानी अहवाल मागणारे न्यासही मी पाहिले आहेत. तो अहवाल लिहिणाऱ्याचा पगार त्या देणगीतून निघत नाही.

येथे एक हिशेब नीट समजून घ्यावा, कारण तो चुकला तर करपात्र रक्कम निघते. एका नोंदणीकृत न्यासाने दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला दिलेल्या देणगीपैकी ८५ टक्केच ‘खर्च’ म्हणून धरले जातात. ही तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आली. शिवाय त्या न्यासाच्या कायम निधीला दिलेली देणगी मुळीच धरली जात नाही. आपल्याला ९ लाख ८० हजारांचे ८५ टक्के, म्हणजे ८ लाख ३३ हजार खर्च दाखवायचा आहे. सगळा पैसा संस्थांना द्यायचा ठरवला तर पूर्ण ९ लाख ८० हजार द्यावे लागतील आणि हाती काही उरणार नाही. त्याऐवजी ५ लाख रुपये विद्यार्थी आणि रुग्ण यांच्यावर थेट खर्च केले, तर राहिलेल्या ३ लाख ३३ हजारांसाठी संस्थांना सुमारे ३ लाख ९२ हजार द्यावे लागतात; एकूण ८ लाख ९२ हजार जातात आणि ८८ हजार शिल्लक राहतात. वर सुचवलेले आठ-आठ विद्यार्थी आणि चार संस्था या हिशेबात जवळजवळ बसतात. त्यामुळे मी ते आकडे वाऱ्यावर घेतलेले नाहीत. पहिल्या दोन वर्षांत विद्यार्थ्यांवरचा खर्च कमी असेल, तेव्हा रुग्णांसाठी अधिक ठेवता येईल.

शिल्लक ८८ हजार दरवर्षी वेगळे ठेवावेत. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णा-वारणेच्या पुराने जिल्ह्याची काय अवस्था केली ते आपण पाहिले आहे. दोन्ही वेळा आपल्या यादीत पूरग्रस्तांच्या नावे केवळ किरकोळ रकमा दिसतात, कारण मार्चमध्येच खाते रिकामे झालेले होते. सहा वर्षांत हा राखीव निधी व्याज न धरताही सव्वापाच लाखांवर जातो. पाणी ओसरल्यानंतर, धान्याची पाकिटे वाटणाऱ्यांची गर्दी सरल्यावर, एखाद्या शाळेची भिजलेली दप्तरे आणि बाके पुन्हा घेऊन द्यायला तो पुरेसा आहे.

राहिला तात्यांचा मुद्दा. तो टाकून देऊ नये, असे माझे मत आहे. दारात आलेल्याला काही देण्याची रीत ही न्यासाची गावातली ओळख आहे आणि ती बंद पडली तर न्यास लोकांच्या लेखी संपेल. थेट मदतीसाठी ठेवलेल्या रकमेपैकीच वर्षाला ५०-६० हजारांची मर्यादा घालून, एका वेळी ३ हजारांपर्यंत मदत देण्याचा अधिकार तात्यांना ठरावाने द्यावा. पावती मात्र प्रत्येक वेळी घ्यावी. तेवढ्यासाठी विद्यार्थी आठाऐवजी सात करावे लागले तरी चालेल. त्यापलीकडचा प्रत्येक अर्ज मे महिन्याच्या बैठकीत यावा, ज्या विश्वस्ताची अर्जदाराशी नातेसंबंधाची किंवा व्यवहाराची ओळख आहे त्याने ते आधी सांगून निर्णयात भाग घेऊ नये आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी. नकार द्यायचा असेल तर तो पत्राने, महिन्याच्या आत द्यावा. सहा महिने ताटकळत ठेवणे आपल्याकडे शिष्टाचार समजले जाते. अर्जदाराला त्यापेक्षा ‘नाही’ बरे असते, कारण त्याला दुसरे दार ठोठावता येते.

आपण गेल्या वर्षी विश्वस्त झालात असे लिहिले आहे. त्याचा बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची कळवणी, सांगलीच्या धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत दाखल झाला होता का, हे एकदा पाहून घ्यावे. धोरणाचा ठराव आपल्या सहीने होणार असेल तर आपले नाव अनुसूचीवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील विश्वस्तांच्या नोंदीत, असलेले बरे.

प्रश्न : आम्ही काही शिक्षक माण तालुक्यात संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. चाळीसेक मुले येतात. साताऱ्यातील आणि पुण्यातील काही न्यासांना अर्ज पाठवले, परंतु उत्तरही आले नाही. कोणता न्यास कशासाठी देतो हे आधी कळण्याचा काही मार्ग आहे का? आमचा गट नोंदणीकृत नाही. – एक शिक्षक, म्हसवड

उत्तर : अमेरिकेत हे सोपे आहे. तिथल्या खासगी प्रतिष्ठानाला दरवर्षी आपल्या गुंतवणुकीच्या साधारण ५ टक्के रक्कम वाटावी लागते आणि ‘९९०-पीएफ’ नावाच्या विवरणपत्रात कुणाला किती दिले ते नावानिशी लिहावे लागते. ते विवरणपत्र कुणालाही पाहता येते. त्यामुळे तिथला अर्जदार पाच वर्षांची विवरणपत्रे शेजारी-शेजारी ठेवतो आणि मगच अर्ज लिहायला बसतो.

आपल्याकडे तेवढी सोय नाही, पण काहीच नाही असेही नाही. प्रत्येक सार्वजनिक न्यासाचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात दाखल होतात आणि रीतसर अर्ज करून, शुल्क भरून त्यांच्या नकला मागता येतात. त्यांतील उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात, म्हणजे अनुसूची नऊमध्ये, उद्देशांवरील खर्च धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, दारिद्र्यनिवारण आणि इतर धर्मादाय अशा शीर्षांखाली दाखवलेला असतो. तीन-चार वर्षांची पत्रके पाहिली की न्यास शिक्षणाकडे झुकलेला आहे, की शिक्षण फक्त त्याच्या नावात आहे, ते कळते. कुणाला किती दिले ते मात्र तिथे सापडत नाही. त्यासाठी शाळांच्या भिंतींवरील देणगीदारांचे फलक, वार्षिक अंक, स्मरणिका आणि स्थानिक वृत्तपत्रांतील आभाराच्या बातम्या वाचाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, पण पन्नास अर्ज टपालात टाकण्यापेक्षा कमी कंटाळवाणे आहे.

एवढे वाचल्यावर तीन गोष्टी ठरवता येतात. न्यास साधारण किती देतो ते कळल्यावर तेवढेच किंवा थोडे अधिक मागावे. १५ हजार देणाऱ्याकडे ३ लाखांचा अर्ज गेला की तो वाचलाच जात नाही. न्यासाची बैठक कोणत्या महिन्यात होते ते विचारून त्याच्या दोन महिने आधी अर्ज द्यावा. आणि न्यास फक्त आपल्या गावापुरता देत असेल तर त्याच्या मागे लागू नये. तो नकार आपल्या कामाला दिलेला नसतो. अर्ज दीड पानाचा असावा. मुले किती, कोणत्या वाड्या-वस्त्यांवरून येतात, किती वाजेपर्यंत बसतात, दिव्याचे आणि जागेचे भाडे किती, आज ते कोण भरते, एवढे त्यात असले की पुरे. ‘सर्वांगीण विकास’ हा शब्द मी विश्वस्तांच्या टेबलावरील इतक्या अर्जांत पाहिला आहे की आता तो दिसला की पान उलटावेसे वाटते.

नोंदणीचा मुद्दा अडचणीचा आहे, पण अडून बसण्यासारखा नाही. नोंदणी नसलेल्या गटाला रोख देणगी देण्यास विश्वस्त कचरतात आणि ते योग्यच आहे, कारण त्यांना तो खर्च लेखापरीक्षकाला दाखवायचा असतो. न्यासाने स्वतः बाके, पुस्तके किंवा सौर दिवे विकत घेऊन मुलांच्या उपयोगासाठी द्यावेत आणि दुकानदाराचे बिल न्यासाच्या नावाने थेट भरावे, अशी विनंती मात्र करता येते. हा न्यासाचा थेट खर्च ठरतो, त्याला वर सांगितलेली ८५ टक्क्यांची कात्री लागत नाही आणि विश्वस्तांनाही तो सोयीचा असतो. वस्तू कुणाच्या ताब्यात राहतील हे शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या पत्राने स्पष्ट करावे.

प्रश्न : आमच्या घराण्याच्या न्यासाची स्थापना १९६८ ची आहे आणि विश्वस्तलेखात मदत फक्त आमच्या ज्ञातीतील विद्यार्थ्यांना द्यावी असे लिहिले आहे. आता अर्ज कमी येतात. सर्वांना मदत देणे सुरू करावे का? – एक वाचक, मिरज

उत्तर : करावे, परंतु आधी लेख दुरुस्त करून. १ एप्रिल १९६२ नंतर स्थापन झालेला धर्मादाय न्यास एखाद्याच धार्मिक समुदायाच्या किंवा जातीच्या लाभासाठी असेल तर त्याच्या उत्पन्नाला करसवलत मिळत नाही. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागास वर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीचे न्यास याला अपवाद आहेत. त्यामुळे आपली सवलत आजवर टिकली असेल तर ती कशाच्या आधारावर, हे लेखापालांकडून लेखी समजून घ्यावे. मूळ उद्देश केवळ विश्वस्तांच्या ठरावाने बदलत नाहीत. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ५०-अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे योजनेसाठी, म्हणजे न्यासाच्या कारभाराच्या नव्या चौकटीसाठी, अर्ज करण्याचा मार्ग आहे, आणि उद्देश बदलल्यावर ३० दिवसांच्या आत आयकर विभागाकडेही नोंदणीसाठी नव्याने अर्ज करावा लागतो. ही कामे वर्षभर चालू शकतात, तोवर लेखाबाहेर जाऊन मदत देऊ नये.

ज्ञातीतील वडीलधारी मंडळी विरोध करतील, असेही आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे. साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसवणारे बोर्डिंग काढले, तेव्हा विरोध पुष्कळ जास्त होता आणि पैसा पुष्कळ कमी. आपल्याकडे निदान ठेवी आहेत.

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत असतो. कऱ्हाडच्या आमच्या न्यासाला तो दरवर्षी काही रक्कम पाठवू इच्छितो, आणि त्यातून माझ्या नातवाची इंजिनिअरिंगची फीही भरता येईल असे त्याने सुचवले आहे. यात काही अडचण आहे का? – एक विश्वस्त, कऱ्हाड

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो : नातवाची फी न्यासातून भरता येणार नाही. विश्वस्त, संस्थापक आणि त्यांचे नातलग यांना न्यासाच्या पैशाचा लाभ झाला की करसवलत धोक्यात येते, मग तो पैसा कुणीही पाठवलेला असो. पुतण्याला नातवाची फी भरायची असेल तर त्याने ती थेट भरावी. त्यात न्यासाचे नावही येऊ नये.

पहिल्या भागाचे उत्तर पुतण्याच्या पारपत्रावर अवलंबून आहे. तो अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ते विदेशी योगदान ठरत नाही. त्याच्या पारपत्राची प्रत दफ्तरी ठेवावी. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर ‘ओसीआय’ (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असूनही त्याचा पैसा विदेशी योगदान ठरतो आणि २०१० च्या विदेशी योगदान नियमन कायद्याखालील नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. त्या नोंदणीसाठी सर्वसाधारणपणे न्यास तीन वर्षे चालू असावा लागतो आणि मागील तीन वर्षांत उद्देशांवर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. नोंदणी मिळाल्यावर पैसे घेण्याचे खाते भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच उघडावे लागते. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, म्हणजे तो आपल्याला स्वतःच खर्च करावा लागेल. आपला न्यास आजवर इतर संस्थांना देणग्या देत आला आहे, असे आपण कळवता. त्या पद्धतीत हा पैसा बसणारच नाही. वर्षाला एक-दोन लाखांसाठी एवढा व्याप घेण्यापेक्षा, या कायद्याखाली नोंदणी असलेली आपल्या भागातील एखादी संस्था पुतण्याला सुचवावी आणि त्याने पैसे तिच्याच खात्यात पाठवावेत.